कोंबड्याचा विषय

मिशन दवाखान्याच्या फाटकाशी
पिऊन पडलेला शमुवेल.
वॉचमननं विचारलं, "तुमचा कोण?"
मी म्हणालो, "कोणी नाही."
माझाच धाकटा भाऊ.

त्याला एकोणीस वर्षं झाली.
जालन्यात, कादराबादच्या पत्र्यांवर
पहाटे कोंबडा आरवला
की मी उशीत तोंड खुपसायचो.

रविवारी देवळात सुवार्ताबाईंनी वाचलं:
तळ्याकाठी निखारे, मासे, भाकर,
आणि पेत्रालाही, "या, न्याहारी करा."
मग तीनदा एकच प्रश्न, प्रीतीचा.
कोंबड्याचा विषय
प्रभूनं काढलाच नाही.

दुपारी कबरीवरचं गवत खुरपलं.
राखणदाराला, त्यानं न विचारताच,
सांगितलं, "माझा भाऊ."

आज पहाटे तो आरवला.
उठलो,
मूठभर ज्वारी टाकली त्याला.