मुसफ्फा, शेड अकरा

पाणी बंद ठेव, वर्गीस पहिल्याच दिवशी म्हणाला.
मी इचलकरंजीचा. लेथ म्हणजे
दुधासारखं कूलंट वाहणार, हेच बघत आलेलो.

हे निकेल वेगळं.
दबकत टेकवलं, नुसतं घासलं
की जागच्या जागी निबर होतं,
मग हत्यारालाच खातं.
घुसायचं तर एकदम, आणि मध्ये थांबायचं नाही.

इन्सर्ट नखाएवढा, सिरॅमिकचा,
कपबशीच्या जातीतला. त्याला आच लागते.
समोरचा धातू लाल झाला की मगच कापतो,
चिपा केशरी उडतात, बुटावर पडून काळ्या होतात.

परवा इस्माईलनं सवयीनं नळ सोडला.
टिक्.
एवढाच आवाज.
रिंगेवर बोटभर ओरखडा,
किंमत आम्हा दोघांच्या वर्षाच्या पगाराहून जास्त.
वर्गीसनं चष्मा पुसला, परत घातला,
कपाटातून दुसरा इन्सर्ट काढला.

पहाटे शिफ्ट सुटली.
खोलीत एसी सोळावर, सहाजण गाढ.
मी चप्पल काढून दाराबाहेर पायरीवर बसलो,
अंग आपसूक निवेपर्यंत.
कुणी विचारलंच असतं
तर बिडी ओढतोय म्हणालो असतो.