गोल

नगरपालिकेनं सांगितलं, सहा-सहा फुटांवर गोल काढ.
चुना त्यांचा, ब्रश माझा,
एका गोलाला आठ रुपये.
निपाणीच्या सरकारी दवाखान्यापुढं, लसीच्या रांगेसाठी
सुतळीला खिळा बांधून
एका सकाळी बेचाळीस गोल काढले मी.

तेवीस वर्षं या गावात बोर्ड रंगवतोय.
वर कानडी, खाली मराठी,
मग मराठी पूस, मग कानडी मोठं कर,
रात्री कुणीतरी काळं फासणार
आणि सकाळी मला हाक.
कानडी मला काढता येतं, वाचता येत नाही;
वळण ओळखीचं, अर्थ परका.
गोल हे पहिलंच काम
ज्यावर कुणी भांडलं नाही.
शून्य दोन्हीकडं सारखंच काढतात.

अकराच्या उन्हात भरमव्वा आली.
विड्या वळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही,
असं सगळी पेठ म्हणायची.
त्या दिवशी खरंच कुणी धरला नाही.
काठी टेकत ती सातव्या गोलावरून गेली, आठव्यावरून गेली,
काठीला चुना लागला,
काठीला कळलं काहीच नाही.
पोलीस ओरडला, ‘ओळग निंदर्री!’
मास्कातून बाई ओरडल्या, ‘आत उभ्या राहा!’
दोन्ही भाषांतलं ‘आत’ तिला समजत होतं.
‘आत म्हंजे कुठं ओ?’

कुणीतरी शिंकलं.
तंबाखूच्या खकाण्याचं गाव हे,
इथं शिंकेला कधी कुणी वळून बघत नव्हतं,
पण रांग अशी पांगली की ती एकटीच राहिली
मोकळ्या उन्हात.
भिंत चाचपायला गेली तर ‘हात लावू नका’.
जी बोटांनी बघते
तिला सगळं गाव सांगत होतं, डोळे मीट.

मी शिडीवर होतो. उतरलो नाही.
हे आधी सांगून ठेवतो,
कारण पुढचं ऐकून लोक मला चांगला म्हणतात.

रात्री बोदं बांधायचा काथ्या आणला,
सिमेंटात दाबून गेटापासूनचे सहा गोल
बोटभर उंच केले.
चपला काढून, डोळे मिटून चालून बघितलं.
तिसऱ्याला पडलो.
चौथ्याला उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी भरमव्वानं अंगठ्यानं दोर चाचपला.
‘हा व्हय गोल,’ म्हणाली,
‘बारका काढलास की.’

आणि तिच्या मागोमाग दस्तगीर मुल्ला,
हातानं फिरवायची तीनचाकी घेऊन.
पुढचं चाक दोरावर अडलं.
रॅम्पवर आधीच बांबू आडवा बांधलेला:
महामारीत दरवाजा एकच, असा हुकूम,
आणि तो एक पायऱ्यांचा.
‘पेंटर, तिला वाट केलीस
आणि माझी होती ती बी घालवलीस की रे.’
हसत म्हणाला.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

छिन्नी घेऊन बसलो.
प्रत्येक गोलाला दोन तोंडं पाडली, सायकल जाईल एवढी.
बांबू सोडायला साहेबांची सही हवी होती,
साहेब क्वारंटाईन.
एक टोक मी धरलं. दुसरं शिपायानं,
तोंड भलतीकडं करून,
म्हणजे उद्या विचारलं तर त्यानं पाहिलेलंच नव्हतं.

पालिकेचा इंजिनिअर आला, फुटके गोल बघत राहिला.
‘हे कुठलं अक्षर?’
म्हटलं, ठाऊक नाही साहेब.
मला काढता येतं, वाचता येत नाही.

आता चुना गेला. मास्क गेले. रांगही गेली.
पक्क्या रॅम्पचा कागद बेळगावला गेलाय म्हणतात,
तिथून पुढं बेंगळूरला.
काथ्या उरलाय, अर्धा उपसलेला,
डोळसांना ठेचा लागतात, ते मला शिव्या घालतात.
साखरेच्या गोळ्यांना भरमव्वा महिन्याला येते,
गेटात थांबून अंगठ्यानं शोधते.

परवा तिथूनच हाक मारली,
‘पेंटर, आरं बघ की,
माझ्या गोलात कुणीतरी मोटरसायकल लावलीया.’