एका गोळीचे तीन भाग

साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात
रात्री पावणेदोनला
आधी मेंढ्यांचा वास आला,
मग पोरगी.

ठेलाऱ्यांची. नाव रेणका.
वय सहा की साडेसहा, आईला नक्की नाही.
वजन पंधरा किलो, चपलेसकट.
पाच दिवसांचा ताप,
कुणाकुणाची दोन इंजेक्शनं, एक लाल औषध,
मनगटात काळा दोरा.

पोटावर ठिपके. गोवर, म्हणाला शिकाऊ पोरगा.
वळवी मॅडमनी तिची मूठ उघडली.
तळहातावरही होते.
पाय उलटे केले. तळव्यांवरही.
मग एकच विचारलं,
कुत्रं आहे का?

आई त्या तापातही हसली.
ठेलाऱ्याकडे कुत्रं नाही तर काय कपाट असणार?
भुंग्या हिच्याच उशाला निजतो.
ही त्याच्या कानातल्या गोचड्या वेचते,
दगडावर ठेवून नखानं चिरडते.
"तिले तो खेळच शे."

कानामागे, केसांच्या जटेत
एक अजून होती,
एरंडाच्या बीसारखी फुगलेली, शांत.
चिमट्यानं सरळ ओढून काढली मी,
पिळली नाही.
बाटलीत ती चालत राहिली.

रक्त धुळ्याला जाणार, तिथून पुढे कुठेतरी.
रिपोर्ट आठवड्यानं.
मला चार नंबरची कॉट आठवली.

दोन वर्षांपूर्वीचा, पिंपळनेरकडचा, पाच वर्षांचा.
लहान आहे, दात खराब होतील,
रिपोर्ट येऊ दे, मग बघू,
असं तेव्हाच्या साहेबांनी लिहिलेलं, सुंदर अक्षरात.
रिपोर्ट आला नवव्या दिवशी.
पोरगा सहाव्या दिवशी गेला होता.
त्याचे दात पांढरेशुभ्र होते.
तोंड पुसताना मी पाहिले.

मॅडम म्हणाल्या, बेडसे, आत्ता सुरू करा. डॉक्सी.

पातळ औषध संपलेलं.
कपाटात फक्त शंभरची गोळी.
पंधरा किलोला तेहतीस,
म्हणजे शंभराचे तीन.
शाळेत गणितात काठावर पास होणारी मी,
एक्स-रेच्या पाकिटावर
नव्या ब्लेडनं गोळी कापत बसले.
भाग काही सारखे पडले नाहीत.
मोठा आधी दिला.

दोन चमच्यांत चुरा, साखरेचं पाणी.
आई म्हणाली, वरून शेळीचं दूध देते.
नको, दोन तास दूध नको.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी तिच्या कळपाला शिवी दिली.

मग दाराशी हळूच,
"माय, हिना दात पिवळा पडतीन का?
कोन्ही सांगे मले."
मॅडम टेबलावरून उठल्या,
तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या.
जुन्या औषधांनी पडायचे, बाई.
हे थोडेच दिवस द्यायचंय, यानं सहसा नाही.
आणि पडले तरी
दात घासायला पोरगी तर पाहिजे.

पहिली रात्र काहीच नाही.
दुसऱ्या दुपारी एकशे तीन.
मी नोंदवहीत आकडा लिहिताना
चार नंबरकडे पाठ करून बसले.

तिसऱ्या पहाटे
सलाईन बदलायला गेले तर
कपाळ ओलं, गार.
पोरगी छताकडे बघत होती, पंखा मोजल्यासारखी.
"भुंग्या कथा शे?"
फाटकाबाहेर होता. तीन दिवस.
वॉचमन त्याला हाकलून कंटाळला होता.

दिवाळी झाल्यावर
त्यांचा कळप नवापूरच्या रस्त्यानं निघाला.
मेंढ्यांनी एसटी अडवलेली, कंडक्टर ओरडतोय,
आणि ही धावत आत,
ओपीडीच्या रांगेतून, सगळ्यांच्या मधून.
आ केला.

पुढचे दोन दुधाचे पडलेले.
एका जागी नवा उगवत होता,
करवतीसारखी धार असलेला,
अर्धा अजून हिरडीतच.
खिडकीशी नेऊन नीट पाहिला.
रंग दाताचाच होता.

आई म्हणाली, भुंग्याच्या कानात आता पावडर टाकतो,
आणि गोचडी दिसली
तर ही मला हाक मारते, हात लावत नाही.
पोरगी जमिनीकडे बघू लागली.

मी काही बोलले नाही.
तिच्या कानामागून
बोट फिरवलं, एकदा या बाजूनं,
एकदा त्या.