काकडीचा वास

हिवाळी सुट्टीतला शनिवार.
श्रेआचा घाट पहिल्या वळणापासूनच तुंबलेला :
निम्मं ब्लिदा, शिवाय अल्जिअर्सहून आलेले हौशी,
आणि प्रत्येक खिडकीतून
कुणाचं तरी पोर कमरेपर्यंत बाहेर.

आमच्या गाडीत पाच माणसं, चहाची केटली,
फडक्यात टोमॅटो-कांदा भरलेल्या पोळ्या,
आणि आईची ॲल्युमिनियमची परात,
शुक्रवारी जिच्यात ती कुसकुस वळते.
"घसरायला देतेय. पण पोचा आला
तर तिच्याबरोबर तुम्हीही वरच राहायचं."

बर्फाचे बूट कुणाकडेच नव्हते.
मोज्यांवर पावाच्या पिशव्या,
पिशव्यांवर रबरबँड.
लोत्फी चालला की
अख्खी बेकरी चालत निघाल्यासारखा आवाज.

हौरिया आत्या सतराव्या वळणापर्यंत
आईशी कांद्याच्या भावावर बोलत होती.
मग गप्प.
देवदार सुरू झाले तशी
तिने काच खाली केली, परत वर केली.

वर गोंधळ नुसता.
टायरच्या ट्यूबा, पुठ्ठे, कुणा नवरीचे फोटो,
घोड्यावर बसा म्हणून मागे लागलेला मुलगा,
शेकोट्यांचा धूर, भाजलेलं मांस,
आणि या सगळ्याखाली, तुडवून राखाडी झालेला,
तो.
आम्ही तुटून पडलो.
बाबा मात्र गाडीला टेकून, हात खिशात.
मला वाटलं, कंटाळले.

"त्याला हा डोंगर फक्त गच्चीवरून ठाऊक,"
आत्या म्हणाली,
मला म्हणाली की केटलीला, कळलं नाही.
"आमच्या लहानपणी हा रस्ता बंद होता.
बर्फ पडायचा. वाळत घातलेल्या चादरींच्या वर दिसायचा.
दिवेलागणीच्या आत दारं लागायची,
आणि वर आता कोण राहतं
हे मोठ्याने विचारायचं नसे.
हा सात वर्षांचा. एकदा विचारलंन,
बर्फाला वास कसला येतो?
मी तरी कुठे हुंगला होता!
दिलं ठोकून : कापलेल्या काकडीचा."

बाबा निघाले. रस्त्याकडेचा नव्हे,
कुंपणापलीकडे, देवदाराच्या बुंध्याशी,
कुणाचा पाय न लागलेला मूठभर उचलला.
नाकाशी नेला. चाळिशी ओलांडलेला माणूस,
मिशीला पांढरं लागलेलं.
तिथूनच ओरडले, "हौरिया! खोटारडे!"
"मग कसला येतो?"
ते उभेच राहिले. पुन्हा हुंगला.
इतका वेळ, की आईने चहा ओतायचा थांबवला.
"थोडासा काकडीचा," म्हणाले.

मग आत्याने त्यांना परातीत बसवलं
आणि मागून असा काही धक्का दिला
की बाबा, परात आणि मध्ये आलेलं
कुणाचं तरी अनोळखी मूल
तिघंही एकदमच खाली पोचले.
पोचा आईने पाहिला. बोलली नाही.

परतताना बॉनेटवर एक माणूस बसवला.
डोळ्यांना ऑलिव्ह, गळ्यात लोत्फीचा मफलर.
नाक्यावरच्या तरुण शिपायाने गाडी थांबवली,
आत डोकावला, डिकी उघडायला लावली नाही,
बर्फाच्या माणसालाच कडक सलाम ठोकला.
आत्या हसली नाही.
दोन वळणं गेल्यावर हसली.

संत्र्यांच्या बागा लागल्या तेव्हा
त्याचं डोकं गेलं होतं.
गल्लीत शिरलो तर एक डोळा वायपरमध्ये अडकलेला,
आणि मफलर, ओला.
लोत्फी रडला, जेवला, झोपला.

परात अजून तीच आहे.
शुक्रवारी कुसकुस वळताना
आईचा तळहात त्या खळग्याशी
जरा अडतो,
आणि पुढे जातो.