कलम दोनशे सात

संध्याकाळची बॅच. सव्वासहाला हजेरी.
मोंढ्यातले दोन हिशोबनीस, एक कंपाउंडर,
तलाठी होता होता राहिलेली अर्शिया,
आणि शेवटच्या बाकावर मुंजाजी,
ज्याच्या अंगाला डेटॉलचा वास येतो
आणि त्याखाली दुसरा, न जाणारा.

विषय: समुद्राचा कायदा.
नांदेडहून समुद्र कुठल्याही बाजूला
एका रात्रीच्या गाडीइतका तरी लांब.
म्हणून मी अंतरं एसटीत मोजून देते:
बारा सागरी मैल म्हणजे इथून मुदखेड,
तिथवर किनाऱ्याच्या देशाचं राज्य.
चोवीस म्हणजे भोकर येता येता.
दोनशेला मात्र नगर मागे टाकावं लागतं,
तिथवर मासे आपले, वाट सगळ्यांची.

ओहोटी कशी असते, कंपाउंडर विचारतो.
विष्णुपुरीचा मृतसाठा
मे महिन्यात नाही, रोज दोनदा उघडा पडतो असं समजा.
आणि मग?
मग भरतो.
रोज?
रोज.
वर्ग थोडा वेळ गप्प बसतो.

त्यापलीकडचा खोल तळ साऱ्या मानवजातीचा,
असं फळ्यावर लिहिते, तर अर्शिया म्हणते,
म्हणजे गायरान.
हो.
मग अतिक्रमण झालंच असेल.
अजून नाही, मोजणी चालू आहे.
सगळे हसतात. मोजणीमागून काय येतं
हे इथे शिकवावं लागत नाही.

मी स्वतः समुद्र एकदाच पाहिला. गुहागर, बी.ए.ची सहल.
लाटेने डावी चप्पल नेली,
मी उजवीही फेकली तिच्यामागे,
एकटी काय कामाची म्हणून.
हे मी वर्गात सांगत नाही.

कलम दोनशे सात: जमिनीवरून समुद्रात जाणारी घाण.
जहाजाला झेंडा असतो, म्हणून जहाज पकडता येतं.
नाल्याला झेंडा नसतो.
इथे करार एकदम मऊ बोलायला लागतो,
आपापले कायदे करावेत, प्रयत्न करावा,
लग्नात रुसलेल्या मामाशी बोलावं तसा.

मुंजाजीने हात वर केला. वर्षात पहिल्यांदा.
"मॅडम, मी बसतो का ह्याच्यात?
लाइट गेली की पंप बंद पडतो.
गेट नाही उचललं तर मैला वस्तीत शिरतो,
लेकरं झोपलेली असतात.
उचललं तर गोदावरीत.
मी उचलतो."

मी म्हणाले, करार देशांना बांधतो, माणसाला नाही.
पुस्तकात हेच आहे.
"देश रात्री दोनला नसतो तिथं," तो म्हणाला,
आणि वहीत ते पुस्तकातलं उतरवून घेतलं.

जुलैअखेर चाचणीत पाच गुणांची टीप विचारली.
त्याच्या पेपरात एकही कलम नाही.
नऊ जून, रात्री २.१०, गेट वर. ३.५५, गेट खाली.
जनरेटरला डिझेल नाही.
सतरा जून, १.३०, गेट वर. वस्तीला कळवले.
असं दीड पान. खाली सही: पंपचालक, रोजंदारी.
आणि समासाबाहेर, बारीक अक्षरात:
एक जुलैला बाभळीचे दरवाजे उघडतात.
त्याच्या पुढचं मला माहीत नाही.

लाल पेन हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये उभी.
भिंतीवरच्या नकाशात नदीवरून बोट नेते,
शहर, बाभळी, धर्माबाद.
नकाशा महाराष्ट्राचा आहे.
बासरच्या अलीकडेच संपतो,
बोट चुन्यावर जातं
आणि पांढरं होतं.