पुरेसं

देवमासा वर यायचा
आणि कॉम्प्युटर मरायचा.

निळा पडदा नाही, चुकीचा संदेश नाही, साधी कुरकुरही नाही.
फ्रेम दोनशे अकरा. पाठ पाण्याबाहेर,
आता पहिला तुषार उडणार,
तोच फट्.
काळ्या काचेत मी, तोंडात किंबापचा घास.

कार्ड नवं होतं. सात महिने
नाचणाऱ्या नूडल्सच्या जाहिराती काढून घेतलेलं.
त्याचा खोका अजून उशाशी होता.

चौथ्या रात्रीनंतर अख्खा डबा पाठीवर बांधून
योंगसानला गेले. तिसरा मजला, निम्मी शटरं कायमची खाली.
शेवटच्या गाळ्यात प्यो गी-छल,
बोटांना सोल्डरचा वास, गुडघ्यावर घोंगडी.

मी कार्डाचं कौतुक सांगू लागले.
त्याने हात वर केला.
"खाणारा कळला. वाढतं कोण?"

झाकण उघडलं. कोपऱ्यात, धुळीत,
माझा पॉवर सप्लाय,
ज्याच्याकडे सहा वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.
त्याने तो तळहातावर घेऊन जरा झुलवला,
बाजारात कलिंगड झुलवतात तसा.
"हलका आहे."

लेबलवर सहाशे वॅट. मी बोट ठेवलं.
त्याने माझं बोट उचलून खालच्या बारीक ओळीवर ठेवलं:
बारा व्होल्ट, पस्तीस अँपिअर.
पावतीच्या पाठीवर गुणाकार. चारशे वीस.
"पाटी सहाशेची. कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या ताटात
पडतं ते यातलंच."

मग माझी बेरीज.
कार्ड तीनशे वीस, प्रोसेसर सव्वाशे,
पंखे, डिस्क, सटरफटर साठ.
पाचशे पाच.
मग इतके दिवस चाललं कसं?

"उपाशी माणूसही जिना चढतो," तो म्हणाला,
"त्याला पळ म्हणू नये.
आणि हे कार्ड शिस्तीत जेवणारं नाही.
पापणी लवायच्या आत दुप्पट मागतं,
लगेच नको म्हणतं.
त्या एका घासापुरतं घरात असायला हवं."

मी घाबरले. वरच्या फळीवरचा
बाराशे वॅटचा मागितला, सोनेरी शिक्क्याचा.
सकाळपासूनचं मी पहिलंच गिऱ्हाईक,
त्याने निमूट विकायला हवा होता.
"ते सोनं ताकदीचं नाही, सांडलवंड कमी असल्याचं आहे.
आणि बाराशे कशाला?
तू एकटी राहतेस ना? पंगतीचं पातेलं नेऊन ठेवशील कुठे?"

साडेआठशेचा दिला. जड होता, धाकट्या भावाला
पहिल्यांदा उचलल्यासारखा.
दोन वायरी वेगळ्या लाव, म्हणाला.
एका वायरीला दोन तोंडं फुटलेली असतात, ती नको;
एका दोरीला दोघांनी लोंबकळू नये.
जुन्याच्या सगळ्या वायरी त्याने माझ्यासमोर कापल्या.
"नाहीतर तू हा कुणाला तरी प्रेमाने देशील."

रात्री दोनशे अकरा.
दोनशे बारा.
तुषार उडाला, पसरला, थेंब थेंब खाली आला,
आणि मला कळलं की तो मी चुकीचा काढलाय,
फार पांढरा. इतके दिवस
तिथवर पोचलेच नव्हते कधी.

घास गिळला. कामाला लागले.

आता डब्याच्या मागून ऊब येते.
जानेवारी आहे, खोली चार पावलांची,
मी तिथे मोजे वाळवते.

शुक्रवारी दाराखालून मालकीण बांगबाईंची चिठ्ठी:
चारशे सात, हीटरला मनाई आहे.
मीटर खोटं बोलत नाही.

पेन घेतलं. लिहिलं: हीटर नाही.
पुढे काय लिहावं सुचेना.
पाठीमागे फ्रेम सहाशे नव्वद,
तो पुन्हा श्वास घ्यायला वर येत होता.