अठरा तारा

कुताइसीहून मेस्तियाला सहा तास लागतात,
माझ्या पिशवीसकट सात.
पिशवीत किल्ली, फेल्टच्या पट्ट्या, रबरी पाचरी
आणि वडिलांचा नादकाटा.
तो मी आता कामासाठी वाजवत नाही.

संगीतशाळेचा पियानो उभा, सोव्हिएत काळातला,
थंडीनं अंग आखडलेला.
तिबिलिसीची लमझिरा म्हणाली, नाझिब्रोला,
हा मला बेसूर करून दे.

चाळीस वर्षं मी घरोघरी जाऊन
तारांची भांडणं मिटवते.
दोघींचं पटत नसलं की मध्ये एक थरथर उठते,
वॉंव वॉंव वॉंव,
ती संथ होत विझली की काम झालं.
बिघडवायचे पैसे आजवर कुणी दिले नव्हते.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी
स्टोव्हजवळ तीन म्हातारे बसले होते: बिमुर्झा, गेरासिमे,
आणि गेरासिमेचा मेहुणा, ज्याचं नाव मला कुणी सांगितलंच नाही.
त्यांनी गळा उघडला, लमझिरानं पट्टी दाबली,
आणि खोलीत कुणीतरी काच चावली.
बिमुर्झानं पियानोकडे पाहिलं,
गोठ्यात बसून राहिलेल्या गुराकडे पाहावं तसं.
'आजारी आहे का हा?'

आजारी नव्हता.
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत
ह्या लोकांचा तिसरा सूर राहतो.
मी त्या फटीतून आजवर फक्त धूळ काढली होती.

मग बिमुर्झा शेजारी येऊन बसला, हातात चीज भरलेली रोटी.
एक घास, एक सूर. एक घास, एक सूर.
मी किल्ली फिरवत गेले, केसाएवढी,
अठरा तारा,
खालपासून वरपर्यंत त्या एकाच सुराच्या.
थरथर विझली. त्यानं बोटं पँटला पुसली.
'आता ह्याला आमची भाषा येते.'

येत नव्हती.
पहिलं कडवं जमलं. दुसऱ्यात गाणं तापलं
आणि तिघं एकमेकांना धरून वर सरकू लागले,
चढावर बैल सरकतो तसे, पाव पाऊल, पाव पाऊल.
तिसऱ्या कडव्याला ते पार वरच्या कुरणात,
आणि माझ्या अठरा तारा खाली दरीत,
नेमक्या लागलेल्या, निरुपयोगी.

लमझिरा थांबली.
इतकी वर्षं शिकली, थांबायचं तिला कुणी शिकवलं नसावं,
कारण हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.
शेवटी मांडीवर ठेवले.
उजव्या पायानं पेडल दाबून धरलं
(ते दाबलं की तारांवरची सगळी बोटं उठतात)
आणि मला खूण केली: पुढची फळी काढ.

म्हातारे त्या उघड्या पोटासमोर उभे राहून गायले.
श्वासासाठी थांबले,
तेव्हा खोली थांबली नाही.
दोनशेच्या वर तारा, कुणी न छेडलेल्या.
ज्यांना आपलं नाव ऐकू आलं त्या ओ देत होत्या,
ह्या कडव्यात ह्या,
पुढच्या कडव्यात त्यांच्या शेजारणी.
मेहुण्यानं टोपी काढली.
'कोण आहे आत?' गेरासिमेनं विचारलं. तो हसत नव्हता.

रविवारी कार्यक्रम झाला. सत्तर माणसं, एक कुत्रा.
सोमवारी मुलांची परीक्षा होती,
म्हणून पहाटे उठून अठराही तारा
मी परत शाळेत आणून बसवल्या.
पैसे लमझिरानं दिले. बिमुर्झानं मिठाची पुडी,
लसूण आणि रानातलं काहीबाही कुटून घातलेलं.
परतीच्या गाडीत सगळ्यांना तिचाच वास.

बुधवारी कुताइसीत, दंतवैद्याच्या दिवाणखान्यात,
थरथर संथ होत आली,
वॉंव...
वॉंव...
किल्ली माझ्या हातात,
आणि मी तिला विझू देईना.
आतून विचारलं, झालं का?
थोडं राहिलंय, मी म्हणाले.